दोन आणि चार

एवढं वाजवू नकोस, म्हणतात ऑसी टार्पली.
चार शनिवार झाले, हेच.
मेम्फिसच्या दक्षिणेला टायरच्या दुकानामागची खोली,
ॲम्प्लिफायर तापेपर्यंत त्याची घूं घूं,
आणि त्याच्यावर ठेवलेला कॉफीचा मग, थरथरता.

मी शाळेची बस चालवते. सत्तेचाळीस पूर्ण.
सुरुवातीचे कॉर्ड येतात मला, एफसुद्धा,
जो बोटांना रडवून मग येतो.
वाटलं होतं, आता पुढे म्हणजे वर, वेगात,
फ्रेटच्या जिन्यावरून धावत सुटायचं.
टार्पलींनी माझ्या सहापैकी तीन तारा काढून घेतल्या,
लेकराच्या ताटातलं जास्तीचं उचलून ठेवावं तशा.
उरल्या बारीक तीन. आणि त्याही पुरत्या वाजवायच्या नाहीत:
आवाज निघाला की पकड सैल,
तार सोडायची नाही, दाबायचीही नाही,
झोपलेल्या बाळाच्या मुठीतून आपलं बोट काढतो ना, तसं.

एक. मी गप्प.
दोन. च्यक.
तीन. गप्प.
चार. च्यक.

कुणाचं वाईट झालेलं ऐकून
चर्चच्या पायरीवर बायकांची जीभ करते तोच आवाज.
एवढ्यासाठी मी गिटार घेतली? हप्त्यांवर?

‘गाणारी बोलत असते तेव्हा तू खिडकी,’ टार्पली म्हणतात.
‘तिचा श्वास संपला की मग वारा.’
त्यांनी एका रेकॉर्डवर असंच वाजवलं होतं, पूर्ण गाण्यात अकरा सूर,
मोजून. वीस डॉलर मिळाले.
वेष्टनावर त्यांचं नाव नाही.
मालकाच्या कुत्र्याचे आभार मात्र मानलेत.

मी शिकतेय ते गाणं माझ्या आईचं.
म्हणजे रेडिओचं, पण ती हॉटेलच्या चादरींना इस्त्री करताना
वाफेतून ते तिचंच व्हायचं.
दफनानंतर तळघरात जेवणं चालू होती, कुणीतरी ते लावलं,
आणि जिथे ट्रंपेट शिरतात तिथे मी हातातली प्लेट टाकली.
एकोणीस वर्षं, त्याच जागी, दर वेळी. भरवशाचं रडू.

त्या जागेवर गिटारच्या दोन तारा एकदम वाजतात,
मधली एक मुकी,
आणि दोघी बहिणींसारख्या हात धरून दोन घरं खाली घसरतात.
दोनशे वेळा तरी घसरले असेन मी.
बोटाच्या टोकाला घट्टा. त्याला आता सुईही लागत नाही.

सोमवारी लाँड्रीत, ड्रायर फिरत असताना, ते गाणं लागलं.
मी थांबले. वाट पाहिली.
ऐकू आलं ते हे: ड्रमवाला केसभर मागे रेंगाळतो,
गिटारवाल्याची एक तार किंचित चढलेली,
दुसऱ्या कडव्यात एक ‘चार’ त्याने चक्क खाल्लाय.
ट्रंपेट आले. गेले.
आई कुठेच नव्हती.
मी गरम टॉवेलांच्या घड्या घातल्या, एकही डोळा न पुसता,
आणि चोरी झाल्यासारखी घरी आले.

टार्पलींना सांगितलं. ते तारा बदलत होते,
दातांत पक्कड, मान खाली.
‘रांधणाऱ्याला वास येत नाही,’ म्हणाले.
‘मग? नंतर येतो?’
‘मला विचारू नकोस. मी अजून चुलीशीच आहे.
दुसरी तार उतरलीय तुझी. लाव.’

आज सकाळी फाटक बंद. मालगाडी, संपता संपेना.
इंडिकेटर टिकटिकत राहिला
आणि माझा अंगठा स्टिअरिंगवर, न सांगता, दोनवर, चारवर.
मागच्या बाकावरची मिरॅकल, दुसरीतली, पुढचे दोन दात नसलेली,
काहीतरी गुणगुणायला लागली. ते गाणं नव्हे. कुठलंच गाणं नव्हे.
माझ्या ओठांवर सूर आला होता, तो मी गिळला.
डबे मोजत बसले. तिच्या श्वासाची वाट पाहत.
तो आला तिथे अंगठा, हलकेच.
आरशात तिने वर पाहिलं, आणि पुढे चालू.

फाटक उघडलं.
मागच्या ट्रकने हॉर्न दिला,
तीनवर. अडाणी.